गंगूबाईंच्या थर्मलची ऊब कोणी पळवली?

माझ्याबद्दल मीच सांगणं बरं दिसत नाही, पण दुसरं कोणी सांगायला तयार नाही, त्यामुळे माझा नाइलाज आहे. मी भगवान कुलथे. जयपूरच्या मराठी मंडळींतला एकमेव, आणि माझ्या अंदाजाने अख्ख्या राजस्थानातला सर्वांत तल्लख खासगी गुप्तहेर. घारीची नजर, कुत्र्याचं नाक आणि म्हशीची चाल. यातलं शेवटचं माझ्या बायकोनं, म्हणजे सुवर्णानं, आगाऊपणे घुसडलेलं आहे. ते वाचकांनी सोडून द्यावं.

आम्ही मूळचे भुसावळचे. रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन इथे आलो आणि निवृत्तीनंतर मालवीय नगरातच राहिलो. माणूस रिकामा बसला की त्याची बुद्धी गंजते, म्हणून मी गुप्तहेरगिरी सुरू केली. पहिल्याच प्रकरणात वरच्या मजल्यावरच्यांची हरवलेली आंब्यांची पेटी मी केवळ वासावरून शोधून काढली. ती सापडली तेव्हा तिच्यात आंबे नव्हते, पण वास होता, आणि मी वासच शोधत होतो. तेव्हापासून आमच्याकडे एखादी वस्तू हरवली की लोक म्हणतात, "आता ही भगवान भरोसे." ते हे कौतुकानं म्हणतात, असं मी धरून चालतो.

तर जानेवारीतली गोष्ट. मी बाल्कनीत उन्हाला पाठ देऊन तीळगुळाची गजक खात बसलो होतो आणि सुवर्णा मेथी निवडत होती. इतक्यात दार वाजलं आणि अनुश्री आत आली. अनुश्री म्हणजे जवाहर नगरातल्या सुभेदार सर्जेराव मगदुमांची सून. तिचा नवरा निलय सी-स्कीम भागातल्या एका बँकेत आहे.

मी तिला एका नजरेत जोखलं. "तू स्कूटरवरून आलीस."

"काका, हेल्मेट डोक्यावरच आहे माझ्या."

"आणि तू कसल्या तरी काळजीत आहेस."

यावर अनुश्री सरळ रडायलाच लागली. माझा तर्क इतक्या जोरात खरा ठरल्याचं हे पहिलंच उदाहरण. सुवर्णानं माझ्याकडे रागानं बघितलं आणि तिला पाणी दिलं.

"काका, आईंचा थर्मल गार पडलाय," अनुश्री नाक पुसत म्हणाली.

आई म्हणजे तिच्या सासूबाई, गंगूबाई. सुभेदारांनी उभी नोकरी फौजेत काढली आणि गंगूबाईंनी उभा जन्म कागलजवळच्या गावात. सुभेदार निवृत्त होऊन मुलाजवळ राहायला आले, आणि या दिवाळीनंतर गंगूबाईही पहिल्यांदाच कायमच्या म्हणून आल्या. त्यांच्यासाठी निलयनं गेल्या वर्षीच आतून घालायचे दोन चांगले थर्मल आणून ठेवले होते. आधी त्या खूश होत्या. जो भेटेल त्याला म्हणायच्या, अंगात शेकोटी घातल्यागत वाटतंय. आणि महिनाभरात त्याच थर्मलमध्ये त्या कुडकुडायला लागल्या.

"त्यांना वाटतंय, मी त्यांचे चांगले थर्मल पुण्याला माझ्या बहिणीला पाठवले आणि त्यांच्या कपाटात कुठले तरी हलके आणून ठेवले. तोंडानं म्हणत नाहीत, पण वाटतंय. माझ्याशी बोलत नाहीत. रविवारचं तिकीट काढलंय त्यांनी गावाचं." तिनं डोक्यावरचं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. "काका, माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. यांना मी आई म्हणते ते मनापासून म्हणते. मला चोर समजून त्या गेल्या, तर मतलब... मी काय करू?"

मी उठून उभा राहिलो. "अनुश्री, डोळे पूस. रविवारच्या आत ऊबेचा चोर तुझ्या सासूबाईंच्या पायाशी असेल."

"येताना कोथिंबीर आणा," सुवर्णा म्हणाली.

जवाहर नगरात पोचलो तेव्हा गंगूबाई गच्चीवर उन्हात बसल्या होत्या. अंगावर शाल, शालीवर दुसरी शाल, डोक्याला मफलर. शेजारच्या खुर्चीत सुभेदार ताठ बसले होते. या माणसाची मी मनापासून इज्जत करतो. पहाटे उठून स्वतःचे कपडे स्वतः इस्त्री करतात आणि घरात घालायच्या पायजम्यालासुद्धा अशी घडी घालतात की तिच्यावर कांदा चिरावा. त्यांच्या हातात वाटी होती.

"चहा?" मी विचारलं.

"पेज. भाताची," सुभेदार म्हणाले. "पोटाला बरी असती." आणि वाटी घेऊन ते घाईघाईनं खाली गेले. फौजी माणूस, पोटाच्या बाबतीतसुद्धा शिस्त. मी मनातल्या मनात सलाम केला.

"वहिनी, काय झालं ते सविस्तर सांगा," मी म्हणालो.

"काय सांगायचं भाऊजी? मी चाललो गावाला." कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी चाललो' असंच म्हणतात, गुप्तहेरानं अशा वेळी गोंधळून जायचं नसतं. "माझा थर्मल मांजराच्या पोटावानी मऊ हुता. आत्ता बगा, पत्र्यावानी झालाय. ह्यो माझा न्हवंच. कुनी बदलला म्हनायला जीभ रेटत न्हाई, पर घरात मानसं किती? मोजून चार."

मी पुरावा मागितला. वहिनींनी लाजत लाजत थर्मल आणून दिला आणि तोंड फिरवून बसल्या. मी तो भिंतीला टेकवला. तो उभा राहिला. हात सोडला, तरी उभाच. वाऱ्याची झुळूक आली, पण तो हलला नाही. असा स्वाभिमानी कपडा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मग मी शास्त्रीय तपासणी केली. अनुश्रीकडून थर्मामीटर मागवला आणि थर्मलच्या काखेत ठेवून वाट पाहत बसलो. पारा तसूभरही चढला नाही. निदान स्पष्ट होतं: थर्मलचा ताप पूर्ण उतरलेला होता. शिवाय उजव्या बाहीच्या शिवणीत मला एक महत्त्वाचा पुरावा सापडला. जिऱ्याचा एक दाणा! तो मी कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकला. जिऱ्याचा आणि थर्मलचा काय संबंध, हे ज्या क्षणी कळेल त्या क्षणी गुन्हेगार माझ्या मुठीत येणार होता.

माझा पहिला संशय गेला तो मगदुमांच्या शेजारी राहणाऱ्या पाटणीजींवर. आता विचार करा. जयपुरी रजाई कोण विकतं? पाटणीजी. थर्मलमुळे माणसाला ऊब आली तर नुकसान कोणाचं? पाटणीजींचं. मग थर्मलमधली ऊब काढून घेण्यात फायदा कोणाचा? प्रश्न सोडवायला इतका सोपा की मला थोडी लाजच वाटली.

मी त्यांच्या दुकानात गेलो आणि थेट डोळ्यांत बघून म्हणालो, "पाटणीजी, सच बताइए. थर्मल से आपको क्या तकलीफ है?"

"तकलीफ?" पाटणीजी दचकले. मग आजूबाजूला बघून त्यांनी स्वेटर वर केला, शर्ट वर केला, आणि आतून एकावर एक चढवलेले दोन थर्मल दाखवले. "भाई साहब, किसी से कहना मत. रजाई बेचता हूँ, पर दुकान पे रजाई ओढ़ के तो नहीं बैठ सकता ना!"

मी त्यांना वचन दिलं की हे कोणाला सांगणार नाही. ते मी इथवर पाळलं.

दुसरा संशय माकडांवर. जयपुरात गच्चीवर वाळत घातलेला कपडा माकडांचा होतो, हे कोणालाही विचारा. खरा थर्मल माकडानं नेला असेल आणि कुठल्या तरी घाबरट माणसानं वहिनींचा ओरडा टाळायला त्या जागी दुसरा ठेवला असेल. मी मगदुमांच्या गच्चीवर पाळत ठेवली. एक म्हातारं माकड टाकीवर येऊन बसलं. त्याच्या अंगावर थर्मल नव्हता, पण चेहऱ्यावर अपराधी भाव होते. मी हळूहळू जवळ गेलो आणि म्हणालो, "कबूल कर." त्यानं माझी कानटोपी काढली, उलटसुलट करून पाहिली आणि स्वतः घातली. मग टाकीवरून पलीकडच्या गच्चीवर उडी मारली. संशयित फरार! आणि गार वाऱ्यात माझे कान उघडे.

"काका, काही कळलं का?" अनुश्रीनं खालून विचारलं.

"धागेदोरे हातात येतायत," मी शिंकत म्हणालो.

तिच्या चेहऱ्यावर मात्र निराशा दिसली. घरात चार माणसं, पण जेवायला बसल्यावर आवाज फक्त ताटांचा. निलय आईकडे बघायचा, आई भिंतीकडे आणि सून जमिनीकडे. सुभेदार तर कोणाकडेच बघत नव्हते. ते आपले पेजेची वाटी उचलून निघून जायचे. गुप्तहेर असलो तरी मीही बालबच्चेवाला आहे. ही पोरगी खरोखर सासूच्या मायेला मुकणार, या विचारानं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

शनिवार उजाडला. आता निकाल लावणं भाग होतं. सुवर्णा गंगूबाईंना प्रवासात खायला तिळाचे लाडू द्यायला निघालीच होती. तिला घेऊन मी मगदुमांकडे गेलो आणि सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. कोपऱ्यात बांधलेली वळकटी आणि दोन पिशव्या होत्या. गंगूबाई, सुभेदार, निलय, अनुश्री सगळे बसले. मी उभा राहिलो. मधोमध तो थर्मल उभा राहिला.

"मंडळी," मी सुरुवात केली, "या खोलीतल्या प्रत्येकावर मी संशय घेतलेला आहे. निलय, तुझ्यावरसुद्धा. तुझा थर्मल अजून गरम आहे, हे मी हात लावून पाहिलं."

"कधी, काका?"

"तू झोपला होतास. ते सोड. पण खरा गुन्हेगार वेगळाच आहे. चोर थर्मल नेतो, त्याची ऊब नेत नाही. मग ऊब गेली कुठे? उत्तर एकच." मी गर्रकन वळलो आणि बोट रोखलं. "ती गेलेलीच नाही! वहिनी, तुम्हाला थंडी वाजतच नाही. तुम्हाला गावाची आठवण येते, म्हणून तुम्ही हा थंडीचा देखावा केलात!"

मला टाळ्यांची अपेक्षा होती. गंगूबाई सावकाश उठल्या.

"म्हंजी मी खोटारडी व्हय?" त्या म्हणाल्या. "सुनंनं फसवलं, आनि वर ह्यो मलाच नाटकी म्हनतोय! निलय, रिक्षा बोलाव. उद्याची कशाला वाट बगायची? आत्ताच जातो मी टेसनावर."

"आई, मी नाही हो फसवलं!" अनुश्री ओरडलीच. "देवाशप्पथ नाही!"

"आई, थांब गं," निलय उठला. सुभेदार नुसतेच खाकरले. गंगूबाईंनी पिशवी उचलली. माझ्या सगळ्या कारकिर्दीचा डोलारा त्या पिशवीबरोबर दाराकडे चालला होता.

इतका वेळ सुवर्णा थर्मल हातात घेऊन बसली होती. तिनं तो उलटा केला, बोटं आतून फिरवली, आणि लाडूंचा डबा बाजूला ठेवत अगदी सहज विचारलं,

"वहिनी, हे धुतं कोण?"

गंगूबाई थांबल्या. "कोन म्हंजी? अनू धुती की. मी न्हानीत बादलीत टाकलं की दुसऱ्या दिशी धुवून, घडी घालून खाटंवर आसतंय."

"मी?" अनुश्री थक्क झाली. "आई, तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणालात ना, माझे आतले कपडे माझी मी धुईन, तू हात लावायचा नाही? मी आजवर एकदाही नाही धुतले!"

"मग धुतलेलं बघून मला वाटलं, तू ऐकंना झालीस. आतल्या कपड्याचं, ते बी ह्यांच्या म्होरं, काय बोलायचं म्हनून मी गप बसलो."

सासू सुनेकडे बघायला लागली, सून सासूकडे. निलयनं दोन्ही हात वर केले. मी तर तेव्हा माझ्याच घरात होतो. मग सगळ्यांच्या माना एकदम फिरल्या.

सुभेदार सर्जेराव मगदूम खुर्चीतून उठले आणि सावधान पोझिशनमध्ये उभे राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मी," ते म्हणाले.

"तुमी?" गंगूबाईंच्या हातातली पिशवी खाली आली.

"मी धुतो. पहाटं. कुनी उठायच्या आत." त्यांची नजर समोरच्या भिंतीवर रोखलेली होती. "नोकरी सारी वाळवंटात गेली. तू तिकडं एकटी. म्हाताऱ्यांचं केलंस, शेताचं केलंस, पोराचं केलंस. मी सुट्टीला यायचो, तवा तू माझीच कापडं धुवत बसायचीस. हितं आल्यावर पहिल्याच दिशी बगितलं, गार पान्यात तुजी बोटं वाकडी झालीती. मला बगवंना. म्हटलं, आता आपुन धुवायचं. पर सुनंम्होरं कसं धुवायचं? म्हनून पहाटं."

सुवर्णा थर्मल पुढे करत म्हणाली, "भाऊजी, धुता म्हणजे कसं धुता?"

इथे सुभेदारांचा आवाज एकदम खुलला. "एक लंबर! वर्दीगत! आदी सोडा घालून खळाखळा उकळायचं. मग पिळायचं, जोर लावून. मग कांजी करायची, त्यात बुडवायचं, अन् वाळलं की गरम इस्त्री. घडी बगा, घडी!"

"बाबा!" अनुश्री किंचाळली. "ती पेज! तुमच्या पोटासाठी म्हणून मी रोज पेज काढतेय! त्यात जिरंसुद्धा घालत होते मी!"

"त्या जिऱ्यानंच लई तरास दिला," सुभेदार म्हणाले. "फडक्यानं गाळून घ्यावं लागायचं. एखाददुसरा दाना ऱ्हायचाच."

मी खिशातली पुडी काढली आणि विजयी मुद्रेनं जिऱ्याचा दाणा सगळ्यांना दाखवला. कोणी बघितलं नाही.

"अहो, थर्मलची ऊब असते ती या आतल्या लवेत," सुवर्णा समजावून सांगू लागली. "ती फुगीर राहिली तर तिच्यात हवा अडकते, आणि ती हवाच अंग गरम ठेवते. तुम्ही कांजीनं लव चिकटवली आणि इस्त्रीनं दाबून सपाट केली. मग ऊब राहणार कुठे? थर्मलला उकळतं पाणी नको, कांजी नको, इस्त्री तर मुळीच नको. कोमट पाण्यात थोडासा साधा साबण, उलटा करून हलक्या हातानं धुवायचा, पिळायचा नाही, नुसतं दाबून पाणी काढायचं. आणि सावलीत आडवा पसरायचा."

"मला काय म्हाईत? मी जैसलमेरला हुतो. तितं बनियन बी सोसायचं न्हाई," सुभेदार पुटपुटले आणि पार ओशाळून खाली बसले. "इतकी मेहनत घेतली, अन् तुलाच गारठवली. मी आता हात लावनार न्हाई."

गंगूबाईंनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडतायत. मग वाटलं हसतायत. माझ्या तीक्ष्ण निरीक्षणानुसार दोन्ही चाललं होतं. पण त्या आधी नवऱ्याकडे गेल्या नाहीत. त्या अनुश्रीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिचा चेहरा त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"पोरी, चुकलं माजं. तुज्यावर वहीम घेतला मी. इचारायचं धाडस केलं न्हाई, अन् मनात मात्र चोर ठरीवलं तुला. मारावं वाटलं तर मार मला."

"काहीतरीच काय, आई," अनुश्री म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडून पहिल्या दिवसासारखीच रडली. या वेळी सुवर्णानं तिला पाणी दिलं नाही. ती स्वतःच डोळे पुसत होती. मलाही सर्दी होतीच, माकडामुळे.

"आई, तिकीट रद्द करू ना?" निलयनं हळूच विचारलं.

"मग? आनि काय करतोस?" मग त्या सुभेदारांकडे वळल्या. "आनि तुमी वो. हात लावनार न्हाई म्हंजी? लग्न झाल्यापास्नं पयल्यांदा माजं कायतरी धुतलंसा. कांजी सोडा. धुनं सोडायचं न्हाई."

मी घसा साफ करून जाहीर केलं, "तर मंडळी, अशा रीतीनं भगवान कुलथे यांनी..." पण निलय सगळ्यांसाठी चहा ठेवायला गेला होता, आणि बाकीचे लाडू खात होते.

ते दोन्ही थर्मल सुवर्णानं घरी आणून कोमट पाण्यात दोनचारदा बुडवून कांजी काढली, सावलीत वाळवले आणि आतून मऊ ब्रशनं हळूहळू लव सोडवली. एक पूर्वीसारखा नाही, पण बऱ्यापैकी सुधारला. दुसरा उकळून उकळून इतका आटला होता की त्यात गंगूबाईंचा एक हातच काय तो मावला असता. निलयनं नवा आणला.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही दोघं स्कूटरवरून जवाहर नगरातून चाललो होतो. मगदुमांच्या गच्चीकडे नजर गेली आणि मी स्कूटर थांबवली. भर उन्हात, सगळ्या कॉलनीच्या देखत, सुभेदार सर्जेराव मगदूम टबासमोर पाटावर बसून थर्मल धूत होते. हलक्या हातानं, न पिळता. मान लालबुंद, पण हात थांबत नव्हते. शेजारी खुर्चीवर गंगूबाई, आणि त्यांच्या खांद्याला टेकून अनुश्री. आजूबाजूच्या गच्च्यांवर पाटणीजींच्या बायकोपासून सगळ्या बायका जमलेल्या, आणि गंगूबाई आपल्या कागलच्या हिंदीत त्यांना मोठ्यानं सांगत होत्या,

"देखो जी! हमारे सुभेदार हमारा धुनं धोते हैं! फौज का आदमी है, पर देखो, कैसा हलके हात से धोता है!"

मी पटकन स्कूटर सुरू केली आणि वेग वाढवला. कारण मागे बसलेली सुवर्णा हे सगळं फार लक्ष देऊन बघत होती.